जवळच्या फेऱ्या आणि थंड इंजिन

एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. त्यातल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळाला की पाणी होणारच. इंजिन तापलेलं असेल तर हे सगळं पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. इंजिन थंड असेल तर त्यातलं काही आतच राहतं. घरापासून दोन-तीन किलोमीटरवरचं ऑफिस, शाळा, दुकान, बँक एवढ्यातच जी मोटारसायकल फिरते, तिच्या बऱ्याचशा दुखण्यांचं मूळ या आत राहिलेल्या पाण्यात आहे.

गाडी कमी चालते म्हणजे इंजिन कमी झिजतं, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. जुनी गाडी विकताना 'फक्त घर ते ऑफिस वापरली आहे' हे कौतुकाने सांगितलं जातं आणि घेणाराही खूश होतो. पण इंजिनाच्या बाबतीत किलोमीटर हे माप अर्धंच खरं आहे. दोन गाड्या घेऊन बघा. पहिलीचा मालक दोन किलोमीटरवर कामाला जातो, दुपारी जेवायला घरी येतो, परत जातो आणि संध्याकाळी घरी येतो. दिवसाला चार फेऱ्या, आठ किलोमीटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २,४०० किलोमीटर, आणि इंजिन १,२०० वेळा सुरू. दुसरीचा मालक पंचवीस किलोमीटरवरून कारखान्यात येतो. दिवसाला दोन फेऱ्या, वर्षाला १५,००० किलोमीटर, इंजिन ६०० वेळा सुरू. आता दोघंही दर ३,००० किलोमीटरला ऑइल बदलतात असं समजा. कारखान्यात जाणाऱ्याचं ऑइल तेवढ्या अंतरात १२० वेळा थंड इंजिन सुरू झालेलं सोसतं. दोन किलोमीटरवाल्याचं १,५०० वेळा सोसतं, आणि सव्वा वर्ष तेच ऑइल इंजिनात राहतं. दुपारी गाडी सुरू करताना इंजिन सकाळइतकं थंड नसतं हे खरं. पण हवेवर थंड होणारं छोटं इंजिन तीन-चार तास उभं राहिलं की पार निवतं.

यापेक्षाही मोठा फरक असा, की पहिल्या गाडीचं ऑइल जितकं तापायला हवं तितकं कधी तापतच नाही. इंजिनाचं हेड आणि सिलिंडर लवकर गरम होतात. पाच मिनिटांत हेडला हात लावता येत नाही, त्यावरून आपण समजतो की इंजिन तापलं. खाली क्रँककेसमध्ये साठलेलं ऑइल मात्र मागे राहतं. त्याला नीट तापायला सलग पंधरा-वीस मिनिटांची धाव लागते, हिवाळ्यात त्याहून जास्त. दोन किलोमीटरचा प्रवास शहरातल्या रहदारीतही सहा-सात मिनिटांत संपतो.

या सहा-सात मिनिटांत इंजिनात काय घडतं, ते नीट समजून घेतलं तर पुढची सगळी काळजी आपोआप लक्षात येते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुन्या गाड्यांत त्यासाठी चोक ओढायचा. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हापासून त्यांत हे काम इंजिनाचं तापमान बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, करतो. चोक गेला म्हणून जास्तीचं पेट्रोल गेलं असं नाही. उलट गाडी एका बटणात सुरू होते, त्यामुळे ते चालकाच्या ध्यानातच येत नाही. या जास्तीच्या पेट्रोलचा न जळलेला काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतो. जाताना भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन नेतो आणि शेवटी ऑइलमध्ये जाऊन मिसळतो.

त्याच वेळी पिस्टन अजून पुरता फुगलेला नसतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून प्रसरण पावल्यावर सिलिंडरमध्ये नेमका बसावा, असंच त्याचं माप ठेवलेलं असतं. थंडपणी ती फट थोडी जास्त असते. त्या फटीतून, रिंगांच्या बाजूने, जळलेला वायू खाली क्रँककेसमध्ये झिरपतो. हे प्रत्येक इंजिनात होतं, तापलेल्या इंजिनातही होतं; थंड इंजिनात जास्त होतं. या वायूबरोबर पाण्याची वाफ खाली येते आणि थंड धातूला लागून तिचं पाणी होतं, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून धरतं तसं. ज्वलनात तयार झालेले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इतर पदार्थ त्या पाण्यात विरघळले की सौम्य आम्ल तयार होतं.

हे आम्ल किरकोळ समजू नका. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या मोटार अभियंत्यांनी सिलिंडर का झिजतो याचा सविस्तर अभ्यास केला. घासून होणारी झीज त्यांना अपेक्षित होतीच. पण थंड चालवलेल्या इंजिनात झीज कित्येक पटींनी वाढते आणि तिला भिंतीवर साठणारं आम्लयुक्त पाणी मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे, हे त्या अभ्यासातून पुढे आलं. तेव्हापासून इंधन सुधारलं आहे. आपल्याकडे बीएस-४ च्या पेट्रोलमध्ये गंधक दहा लाखात ५० भागांपर्यंत चालत होतं, बीएस-६ मध्ये ते १० वर आलं, त्यामुळे गंधकाचं आम्ल खूपच कमी झालं. ऑइलमध्येही आम्ल मारणारी रसायनं घातलेली असतात. पण ती रसायनं खर्च होत जातात. ऑइल नुसतं दिसायला स्वच्छ आहे यावरून ती शिल्लक आहेत की संपली, हे कळत नाही.

इथे मोटारसायकलची अडचण कारपेक्षा वेगळी आहे. कारच्या इंजिनात तीन-चार लिटर ऑइल असतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या आपल्या गाड्यांत एक लिटरच्या आतबाहेर. त्यात थोडं पाणी आणि थोडं पेट्रोल मिसळलं तरी प्रमाण पटकन वाढतं. शिवाय बहुतेक मोटारसायकलींत तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये फिरतं आणि क्लच प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. म्हणजे पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल पिस्टनला तर त्रास देतंच, गिअरच्या दातांनाही देतं. गिअर कडक पडतायत, न्यूट्रल सापडत नाही, अशी तक्रार घेऊन लोक क्लचची केबल बदलून येतात आणि आठवड्यात तक्रार परत सुरू होते. अशा वेळी आधी ऑइल किती महिने झालं ते बघावं.

आता तुमच्या गाडीत हे किती झालं आहे ते घरच्या घरी कसं ओळखायचं? रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा आणि ऑइलचं झाकण काढा. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा डिपस्टिकच्या वरच्या भागावर पांढरट-पिवळसर, सायीसारखा थर दिसला तर ते ऑइल आणि पाण्याचं मिश्रण आहे. जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीची ही सगळ्यांत स्पष्ट खूण. तेवढ्याने घाबरून जायचं कारण नाही. झाकण हा इंजिनाचा सगळ्यांत थंड भाग, त्यामुळे वाफ आधी तिथे जमते. थर पुसून टाका, गाडी एकदा लांब चालवून आणा आणि आठवड्याने परत बघा. एक सावधगिरी मात्र हवी. गाडी रेडिएटरवाली असेल, म्हणजे लिक्विड-कूल्ड असेल, आणि लांब धावेनंतरही हा थर येत राहिला, शिवाय कूलंटची पातळी उतरत असेल, तर प्रश्न वाफेचा नाही. हेड गॅस्केटमधून कूलंट ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता आहे आणि ती गाडी न चालवता दाखवून घ्यावी.

दुसरी खूण पातळीची. ऑइल हळूहळू कमी व्हावं ही रीत. ते न भरता वाढलेलं दिसलं तर पेट्रोल उतरतंय असं समजा. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास लगेच कळतो. पातळी बघताना डिपस्टिक आटे फिरवून घट्ट करायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळं असतं. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ती नुसती टेकवून बघतात, काही गाड्यांत बाजूला काचेची खिडकी असते. इंजिन चालवून, बंद करून किती मिनिटांनी बघायचं तेही गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते पुस्तक सीटखाली पिशवीत पडून असतं. ऑइलचं पान तरी एकदा वाचावंच.

बघायची तिसरी जागा फार थोड्यांना माहीत आहे. क्रँककेसमधला वायू बाहेर न सोडता एअर फिल्टरच्या डब्यात नेऊन परत जाळतात. त्या वाटेवर खाली लोंबणारी, बूच लावलेली एक छोटी नळी बऱ्याच गाड्यांत असते. तिला ब्रीदर ड्रेन म्हणतात. वायूतलं पाणी आणि ऑइल तिच्यात साठतं. पावसाळ्यात आणि जवळच्या फेऱ्यांच्या गाडीत ती लवकर भरते. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला ती रिकामी करायला सांगा. सांगितल्याशिवाय तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही.

उपायांत पहिला, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा, म्हणजे ऑइल तारखेवर बदलणं. कंपन्या सर्व्हिसच्या वेळापत्रकात 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांतलं जे आधी होईल ते' असं लिहितात. आपण त्यातला पहिला भाग वाचतो आणि दुसरा सोडून देतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्यासाठी दुसराच भाग महत्त्वाचा. अशी गाडी सहा महिन्यांत हजारच किलोमीटर चालली असेल तरी ऑइल बदला. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर एक बदल पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास येईल असं बघा. काळ्या पडलेल्या ऑइलपेक्षा पाणी आणि पेट्रोल मिसळलेलं ऑइल जास्त वाईट. काळेपणा म्हणजे ऑइलने मळ धरून ठेवला आहे. ते त्याचं कामच आहे.

कोणतं ऑइल, यावर गॅरेजगणिक वेगळं मत ऐकायला मिळतं. पुस्तिकेत जो ग्रेड लिहिला आहे तोच घाला. १०-डब्ल्यू-३० लिहिलेलं असताना 'जाड ऑइल घालू, टॅपेटचा आवाज कमी येईल' म्हणून २०-डब्ल्यू-५० घालणं या वापरात विशेष वाईट. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडपणीची वाहण्याची क्षमता सांगतो. आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर पळतं. तुमचं इंजिन बहुतेक वेळ थंडच चालत असेल तर वर हेडपर्यंत, कॅम आणि रॉकरपर्यंत ऑइल लवकर पोचणं हीच तुमची मुख्य गरज आहे. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असावं. ते ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी आहे. 'एमबी' स्कूटरसाठी. कारचं उरलेलं ऑइल मोटारसायकलमध्ये घालू नका. घर्षण कमी करणाऱ्या त्यातल्या पदार्थांमुळे क्लच घसरू शकतो.

सिंथेटिक घ्यावं का? थंडीत ते नक्कीच चांगलं वाहतं आणि परवडत असेल तर जरूर घ्या. पण ते महाग म्हणून वर्ष-दीड वर्ष तसंच ठेवणार असाल तर साधं मिनरल ऑइल सहा महिन्यांनी बदललेलं बरं. पाणी आणि पेट्रोल सिंथेटिकमध्येही तितकंच मिसळतं.

दुसरा उपाय आठवड्यातून एकदा गाडी लांब नेण्याचा. पंचवीस-तीस किलोमीटर, फार न थांबता, चाळीस ते साठच्या वेगाने, वरच्या गिअरमध्ये. अर्ध्या-पाऊण तासात ऑइल पुरतं तापतं, त्यातलं पाणी वाफ होऊन ब्रीदरवाटे निघतं आणि पेट्रोलचा हलका भागही उडून जातो. प्लगवर बसलेली काजळीही या धावेत जळते. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की तो स्वतःला साफ ठेवतो. जवळच्या फेऱ्यांत तेवढं तापमान नीट टिकतच नाही, म्हणून तो काळा पडतो आणि सकाळी गाडी मिसिंग करते. लांब धाव म्हणजे गाडी पिळून काढणं नव्हे. एकसारख्या वेगाने चालवली की पुरे. नाशिकच्या माणसाने त्र्यंबकेश्वर, कोल्हापूरकराने जोतिबा, साताऱ्याच्या माणसाने कोरेगाव गाठून यावं. जाऊन-येऊन अर्धा ते एक लिटर पेट्रोल लागेल. आठवडी बाजार, नातेवाइकांकडची फेरी, शेतावरचं काम याच दिवशी धरलं तर तेही वाया जात नाही.

महिन्यातून एकदा लांब जाऊन चालेल का, असं विचारलं जातं. मुळीच न जाण्यापेक्षा बरं. पण मधल्या तीन-चार आठवड्यांत साठलेलं पाणी तेवढे दिवस बेअरिंगना आणि गिअरला लागलेलं असतंच.

इथे एक चुकीची सवय सांगायलाच हवी, कारण ती चांगल्या हेतूने केली जाते. गाडी जायची नसली तरी रोज सकाळी सुरू करून दहा मिनिटं स्टँडवर चालू ठेवायची. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी हे चाललं होतं. स्टँडवर मंद चालणारं इंजिन पाणी तयार करतं, जास्तीचं पेट्रोल घेतं, पण ऑइल तापवण्याइतकी उष्णता देत नाही. मंद गतीत बॅटरीही धड चार्ज होत नाही. नुकसान सगळं आणि फायदा जवळपास काहीच नाही. पंधरा दिवस गाडी हलणार नसेल तर ती बंदच ठेवावी आणि मग एकदम अर्धा तास रस्त्यावर न्यावी.

रोज निघतानाही गाडी फार वेळ गरम करत बसू नका. सुरू केल्यावर अर्धा मिनिट, फार तर मिनिटभर थांबा. हेल्मेटचा पट्टा लावून, फाटक उघडून होईपर्यंत तेवढा वेळ जातोच. तेवढ्यात ऑइल वर पोचतं. मग निघा, पण पहिले दोन-तीन किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत. इंजिन फार घुमू न देता गिअर वेळेवर टाका, आणि उगाच वरच्या गिअरमध्ये कण्हतही ठेवू नका. बटण दाबल्याबरोबर रेस देण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. त्या क्षणी कॅमवर रात्रीचा उरलेला पातळ थरच असतो, आणि त्यावर इंजिन चार-पाच हजार आरपीएमने फिरवणं म्हणजे कोरडं घासणं. चोक असलेल्या गाडीत चोक ओढून निघालात तर गाडी चोकशिवाय धरते आहे असं वाटल्याबरोबर तो बंद करा. चोक विसरून ऑफिसपर्यंत जाणाऱ्यांची संख्या कमी नाही आणि त्यांच्या ऑइलमध्ये सगळ्यांत जास्त पेट्रोल असतं.

किक असलेली गाडी तीन-चार आठवडे उभी असेल तर चावी बंद ठेवून आधी दोन-तीन किका मारायची जुन्या मिस्त्रींची पद्धत चांगली आहे. ऑइल पंप थोडा फिरतो.

कामांचा क्रम लावणं हा आणखी एक उपाय, आणि त्याला खर्च काहीच नाही. सकाळी दूध, दुपारी बँक, संध्याकाळी किराणा, अशा तीन फेऱ्या म्हणजे तीन वेळा थंड सुरुवात. तेच एका फेरीत केलं तर एक. त्यातही आधी सगळ्यांत लांबचं काम करा, मग परतीच्या वाटेवर जवळची. इंजिन एकदा तापलं की दहा मिनिटं थांबून परत सुरू करण्याने काही बिघडत नाही. सिग्नलला इंजिन बंद करण्यानेही नाही. ते तापलेलंच असतं. त्रास आहे तो तासन्‌तास निवलेलं इंजिन सुरू करून ते तापायच्या आत बंद करण्यात.

इंधनाबद्दल थोडं. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. आपल्या ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांना त्याचा आधार आहे, हे चांगलंच. पण इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ते पेट्रोलपेक्षाही नाखुशीने जळतं. शिवाय ते हवेतली ओल ओढून घेतं. रोज आठ किलोमीटर चालणाऱ्या गाडीची टाकी एकदा भरली की दोन महिनेही पुरते. अशा गाडीत पावसाळ्यात टाकी महिनोन्‌महिने अर्धी रिकामी ठेवू नये, आणि भरलेलं पेट्रोल दोन-अडीच महिन्यांत संपेल असं बघावं. २०२३ च्या आधीची गाडी असेल तर ती या मिश्रणासाठी योग्य आहे का, ते पुस्तिकेत किंवा कंपनीच्या केंद्रात बघून घ्या.

ॲव्हरेजचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. जवळच्या फेऱ्यांत ॲव्हरेज पडणारच, कारण प्रवासाचा बहुतेक भाग जास्तीच्या पेट्रोलवर होतो. मालक तक्रार करतो, मग मेकॅनिक कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करतो. आता गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, आणि पेट्रोल होतं तेवढंच जातं. गाडीचा खरा ॲव्हरेज लांबच्या धावेत मोजा. तिथे ठीक मिळत असेल तर स्क्रूला हात लावू देऊ नका.

बॅटरीचं दुखणं इंजिनाचं नव्हे, पण त्याच फेऱ्यांतून येतं. चांगलं इंजिन एका दाबात सुरू झालं तर सेल्फने घेतलेली वीज काही मिनिटांत भरून निघते. थंडीत तीन-चार वेळा दाबावं लागलं की हिशेब बिघडतो. १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम चालू असतो, त्यात मोबाइलचा चार्जर जोडलेला असला तर बॅटरीला उरतं थोडंच. कायम अर्धवट चार्ज राहिलेली बॅटरी लवकर मरते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी व्होल्टेज १२.६ च्या आसपास हवं, १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी. किक असेल तर सकाळची पहिली सुरुवात किकने करा.

सायलेन्सरमध्येही तेच पाणी साठतं. थंडीच्या सकाळी त्यातून पांढरी वाफ आणि थेंब येणं नेहमीचं आहे. इंजिन तापल्यावर ते थांबलं पाहिजे. निळसर धूर मात्र ऑइल जळत असल्याचा, काळा धूर जास्त पेट्रोलचा. सायलेन्सरच्या तळाला बारीक भोक असेल तर ते पाणी जाण्यासाठी कंपनीनेच ठेवलेलं असतं. ते वेल्डिंग करून बुजवलेल्या गाड्यांचा सायलेन्सर आतून सडतो. किनारपट्टीला हे फार लवकर होतं.

निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तिथे वरची सगळी काळजी दुप्पट घ्यावी. विदर्भातल्या उन्हाळ्यात इंजिन लवकर तापतं, म्हणून त्रास कमी. पण दोन किलोमीटर तिथेही अपुरेच. स्कूटरवाल्यांनाही हे सगळं लागू आहे. त्यांचं गिअर ऑइल वेगळं असतं एवढाच दिलासा; इंजिनात ऑइल मोटारसायकलपेक्षाही कमी असतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी मीटर बघून भुलू नये. सहा वर्षांत दहा हजार किलोमीटर चाललेली गाडी नियमित लांब चालणाऱ्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा चांगली असेलच असं नाही. मालक कुठे राहतो, कामाला किती लांब जातो, ऑइल कोणत्या तारखांना बदललं, हे विचारा. गाडी थंड असताना बघायला जा. आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगा. झाकण उघडा, सायलेन्सरला खालून बोट लावून बघा, सकाळचा पहिला धूर बघा.

आणि घरापासून अर्ध्या-एक किलोमीटरवरच्या कामाला शक्य असेल तेव्हा गाडी काढूच नका. चालत जा किंवा सायकल घ्या. तेवढ्या अंतरात इंजिनाचं जे नुकसान होतं, ते कुठलंही ऑइल पुरतं भरून काढत नाही.

एक लिटर चांगलं ऑइल चारशे-पाचशे रुपयांत येतं. बोअर-पिस्टनचं काम त्याच्या कितीतरी पट खर्चाचं असतं आणि त्यानंतर इंजिन पूर्वीसारखं राहीलच याची खात्री नसते. तेव्हा आज गाडीचं सर्व्हिस बुक काढा आणि शेवटचं ऑइल कोणत्या महिन्यात बदललं ते बघा. सहा महिने उलटून गेले असतील आणि तुमच्या फेऱ्या जवळच्याच असतील, तर मीटरवर किती किलोमीटर आहेत ते न बघता या आठवड्यात बदलून घ्या.